तंबाखूची पुडी आणायला पोराला पाठवू नका



गळीत हंगाम सुरू झाला की टोळी, टनेज आणि दर यापलीकडे आपले बोलणे जात नाही. आज जरा पोरांविषयी बोलू.

माझा नातू सातवीत आहे. परवा शाळेत तंबाखूविरोधी शपथ घेऊन आला आणि हात पुढे करून सगळी म्हणून दाखवली. मी नुकताच पाण्याच्या पाळीवरून आलेलो, चंची रिकामी. सवयीने म्हणालो, "शाब्बास! आता पळ, कोपऱ्यावरनं एक पुडी आण." पोरगं गेलं आणि घेऊनही आलं. टपरीवाल्याने वय विचारले नाही, पुडी आजोबाची हे त्याला ठाऊक. सूनबाई एवढेच म्हणाली, "आबा, शपथ सकाळीच घेतलीया त्यानं." मला उत्तर सुचले नाही.

शाळांतले हे कार्यक्रम नुसते सोपस्कार असतात असे मला वाटायचे. तसे नाही. २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत व्याख्यान झोडण्याऐवजी मुलांनाच पुढे केले. मित्राने आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे याचा सराव दिला आणि पालकांनाही त्यात ओढले. दोन वर्षांनी, कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता; कार्यक्रम झालेल्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला होता. आपल्याकडे सलाम मुंबई फाउंडेशन ही संस्था २००२ पासून शाळकरी मुलांमध्ये हेच काम करीत आली आहे.

बिहारमध्ये तर सुरुवात शिक्षकांपासून केली. ७२ शाळांतल्या प्रयोगात मदत मिळालेल्या शिक्षकांपैकी १९ टक्के सहा महिने तंबाखूपासून दूर राहिले. बाकीच्या शाळांत ७ टक्केच. गुरुजी खिशात पुडी ठेवून धडा देऊ लागले तर पोरं काय शिकणार? आणि गुरुजींचे जे, तेच आजोबांचे.

विडी-सिगारेट हा आपल्याकडचा छोटा भाग आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातल्या पंधरा वर्षांवरील माणसांत ओढणारे ३.८ टक्के निघाले, तर खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. धूर तरी दिसतो, वास येतो. गालातला बार कुणाला दिसत नाही. (सोलापुरात हजारो आया-बहिणी विड्या वळून संसार चालवतात. त्यांच्या पोटावर पाय द्यायला मी हे लिहीत नाही.)

याचा शेवट कुठे होतो ते पाहायला लांब जायला नको. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांची कॅन्सरची नोंदवही १९८७ पासून बार्शीतच ठेवली जाते. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. तंबाखूने जाणारी जागा म्हणजे तोंड, जीभ, घसा. उसावरची काणी आपण जाणतो. चाबूक बाहेर पडून काळी भुकटी उडाली की धावपळ करून उपयोग नाही, राखायचे ते बेणे. शाळेतली पोरं म्हणजे ते बेणे. कोवळ्या वयात लागलेली तंबाखू सुटायला सगळ्यांत चिवट.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. "बाबांसाठी न्यायचीय" ही सबब त्यात बसत नाही. शाळेपासून शंभर वारांत विक्रीलाच बंदी आहे. शंभर वार म्हणजे ३०० फूट, पाच फुटी सरीच्या साठ सऱ्या, आणि अंतर धरायचे शाळेच्या कुंपणापासून. दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणजे फारसा धाक नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. हे टपरीवाल्याला भांडून सांगू नये. तोही आपल्याच गावचा. गोळ्या-बिस्किटे, वह्या-पेन ठेव म्हणावे, आम्ही गिऱ्हाईक आणतो.

आणि टोळीतली पोरं विसरू नका. कोयत्यावरची माणसं पहाटेच्या थंडीत भूक मारायला बार भरतात, शेजारी मोळ्या बांधणारं पोर ते बघत असतं. आपल्या फडात टोळी उतरली की ट्रॅक्टरवाल्याने किंवा मुकादमाने पोराला पुडी आणायला पिटाळू नये, एवढे आपण नक्की सांगू शकतो. फड आपला आहे.

आमच्या गावात शाळा समितीतले दोघे आणि मी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर टेप घेऊन कुंपणापासून मोजणार आहोत. दोन टपऱ्या आत येतील असा अंदाज आहे. त्यांतल्या एकीवरनं माझीच पुडी यायची, तेव्हा पहिलं बोलणं मलाच करावं लागेल.