पाण्यातले शेजारी : चंबळची साल

मागच्या आठवड्यात आपण मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांवर होतो. तिथला अक्सोलोटल, म्हणजे जन्मभर कल्ले बाळगून पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर, जगभरच्या प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत भरपूर आहे. कालव्यांत मात्र १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० भरलेला हा प्राणी २०१४ पर्यंत ३६ वर आला. पाण्यात सोडलेले परके कार्प आणि तिलापिया मासे त्याची अंडी-पिल्लं फस्त करतात, सांडपाण्याचा मारा वेगळाच. टाकीतले किती का असेनात, त्यांना सोडायचं कुठे?

हाच प्रश्न ग्वाल्हेरच्या नया बाजारातून निघालं की साठेक किलोमीटरवर भेटतो. सॅलॅमँडर आपल्या देशात दार्जिलिंगपासून पूर्वेकडच्या डोंगरांतच. मुरैन्यापुढच्या चंबळेत त्याची जागा घेते ती ‘साल’, शास्त्रज्ञांचं बटागुर कचुगा. एकेकाळी गंगेच्या खोऱ्यात दूरवर पसरलेलं हे कासव आता जवळजवळ चंबळेपुरतंच उरलंय. प्रौढ माद्या पाचशेच्या आतबाहेर.

जोडपं मोठं विजोड. मादी अर्ध्या मीटरहून लांब, पंचवीस किलोपर्यंत वजनाची आणि रंगाने साधीसुधी. नर तिच्या निम्मा, पण विणीच्या काळात माथा लालभडक, मान निळी, तीवर लाल-पिवळे पट्टे. लग्नघरातल्या हौशी मामासारखा नटलेला. मादीचा आहार बहुतेक पाणवनस्पतींचा. मार्च-एप्रिलमध्ये ती रात्री वाळूवर चढते, खड्डा करून दहा ते तीस अंडी घालते आणि परतते. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात.

म्हणजे सगळं वाळूवर अवलंबून. आणि चंबळेच्या अभयारण्यात वाळू उपसायला बंदी असूनही ट्रॅक्टर भरभरून जाते ती हीच वाळू. उन्हाळ्यात नदी आटली की बेटं काठाला जोडली जातात, मग कोल्हे-कुत्री चालत घरट्यांपर्यंत पोचतात. उलट वरच्या धरणांतून अवेळी पाणी सुटलं तर घरटी बुडतात. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेली साल श्वासासाठी वर येऊ शकत नाही, ती गुदमरते. वयात यायला तिला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे एक मोठी मादी गेली की ती तूट लवकर भरत नाही.

अंडी काठावरच्या कुंपणात हलवायची, पिल्लं काही वर्षं वाढवून सोडायची, हे काम चंबळेवर २००६ पासून चाललंय. त्याचं मोल आहेच; पण उबवणी हा यातला सोपा भाग, असं मला वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये चंबळेकाठी वाढवलेली २० कासवं गंगेच्या हैदरपूर पाणथळ भागात सोडली, तेव्हा त्यांचे दोन गट केले गेले : एक तिथल्या बंधाऱ्याच्या वर, दुसरा खाली मुख्य प्रवाहात. कुठे रुजतात हे पाहायला. प्रयोग कासवांवर दिसतो, परीक्षा मात्र नदीची आहे.

चंबळेच्या पाण्याला मागणी इतरांचीही आहे. ग्वाल्हेरची तहान मुख्यतः तिघरा जलाशय भागवतो. ते पुरत नाही म्हणून चंबळेचं पाणी शहरात आणायची योजना आहे. तहान खरी आहे, तिला नाही म्हणता येत नाही. मे महिन्यात, घरटी वाळूत असताना, नदीत किमान किती पाणी राहील, हा आकडा मात्र योजनेच्या कागदावर ठळक हवा.

पुढच्या आठवड्यात याच वाळूवरचा दुसरा भाडेकरू, घडियाल.