पदकाची कड

बेपत्ता सैनिकांचा माग काढायला एक निवृत्त प्राध्यापक भिंग आणि वही घेऊन गावोगाव हिंडतात, असं ऐकलं होतं. म्हणून या सरांसोबत इंदापूर तालुक्यातल्या डाळजला एका घरी गेलो. घरातल्या आजींनी ट्रंकेतून फडक्यात बांधलेलं चांदीचं पदक काढलं. त्यावर पंचम जॉर्जचं तोंड. आजेसासरे पहिल्या महायुद्धात इराकला गेले ते आलेच नाहीत, एवढंच घरात माहीत. आजींनी त्यांचं नाव घेतलं नाही, नातवानं सांगितलं.

सरांनी पदक उभं धरलं आणि त्याची कड भिंगाखाली फिरवली. नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे सगळं कडेवरच ठोकलेलं असतं. ‘११७ मराठा’ लागलं. नंबराचे शेवटचे आकडे मात्र गुळगुळीत.

“दर दसऱ्याला चिंचेनं घासते की मी,” आजी म्हणाल्या. “सासूबाईंनी लावून दिलेला नेम.”

सर काही बोलले नाहीत. उजेडात जाऊन पुन्हा कड फिरवत राहिले. एका पलटणीत त्याच नावाचे कितीतरी निघतात, नंबर एकाचाच असतो. ज्या मायेनं पदक जपलं, तिनंच तो पुसला. ती गुळगुळीत कड अजून डोळ्यांपुढून जात नाही.

११७ मराठा ही पुणे डिव्हिजनची पलटण. इराकमधल्या कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात ती अडकली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि कैद्यांची जीवघेणी पायपीट सुरू झाली. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची नुसती पलटणवार संख्या. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानंच २०२१च्या अहवालात कबूल केलं, की किमान ४५,००० मृतांच्या स्मरणात असा भेदभाव झाला. त्यांत हिंदी सैनिक फार.

“पंचेचाळीस हजार,” सर परतताना पुन्हा म्हणाले.

हाडं मिळाली तरी ती कुणाची, हे कागदांशिवाय सहसा उलगडत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये इटलीत पडलेल्या पालूराम आणि हरिसिंग या सैनिकांचे अवशेष १९९६मध्ये सापडले. अस्थी हरियाणात आल्या २०१९मध्ये. त्याच इटलीत, त्याच साली मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या आपल्या रायगडच्या यशवंत घाडगेंना तर समाधीच नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

आता आजेसासऱ्यांच्या वडिलांचं नाव, ‘तालुका इंदापूर’ आणि अर्धा नंबर एवढ्यावर सर याद्या चाळणार. वाचकहो, पंचेचाळीस हजारांतला एखादा तुमच्याही ट्रंकेत असेल. ते पदक घासू नका, मोडीत घालू नका. आधी कडेवरचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून ठेवा.