ओलाना: चित्रकाराने घडवलेली टेकडी

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या टेकडीवर ओलाना आहे, निसर्गचित्रकार फ्रेडरिक चर्चचं घर. कमानी-मनोऱ्यांचं घर देखणं आहेच, पण माझा जीव अडकतो तो भोवतालच्या अडीचशे एकरांत. १८६० मध्ये इथलं शेत घेतल्यावर चर्चने दलदल उपसून तळं केलं, तो गाळ खत म्हणून वापरला, हजारो झाडं लावली. घोडागाडीचे रस्ते असे आखले, की झाडीतून वळण घेताच नदी आणि कॅट्सकिलचे डोंगर एकदम समोर यावेत! संधिवाताने उजवा हात आखडला, तरी हे काम सुरूच राहिलं.

१९६४ मध्ये त्याची सून वारली आणि सगळं विक्रीला निघालं. कला-इतिहासकार डेव्हिड हंटिंग्टन यांनी मोहीम उभारली, ‘लाइफ’ मासिकाने विषय उचलून धरला. १९६६ मध्ये राज्याने ओलाना विकत घेतलं.

अशा जागेचं जतन घरापेक्षा अवघड. झाडं वाढतात, चर्चने योजलेली दृश्यं झाकून टाकतात; त्यामुळे इथे काही झाडं काढणं हेही जतनच. आणि कुंपणापलीकडचं काय? सत्तरच्या दशकात नदीपार अणुवीज प्रकल्प येऊ घातला होता. ओलानावरून दिसणाऱ्या देखाव्याची हानी होईल, म्हणून नियामक आयोगाच्याच तज्ज्ञांनी १९७९ मध्ये विरोध नोंदवला. प्रकल्प झाला नाही.