घर बघण्याआधी शाळा बघा

घर घ्यायचे झाले, किंवा भाड्याने खोली घ्यायची झाली, तर आपण काय बघतो? पाणी बघतो. रस्ता बघतो. शेजार कसा आहे, ते बघतो. भाडे किती, अनामत किती, हे तर आधीच विचारतो. दार कोणत्या दिशेला आहे, हेसुद्धा कोणी कोणी बघतात. पण घरात शिकणारी पोरे असली, तर जवळची शाळाही बघायला हवी. पुष्कळ माणसे राहायला गेल्यावर शाळेची चौकशी करतात. तोवर अनामत देऊन झालेली असते.

हल्ली खेड्यातली पुष्कळ माणसे तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करतात. कोणी कामधंद्यासाठी जातो, कोणी मुद्दाम मुलांच्या शाळेसाठी जातो. बाप गावी शेत बघतो. आई पोरांना घेऊन तालुक्याला एका खोलीत राहते. एका घराच्या दोन चुली होतात. खर्च वाढतो. गावी म्हातारी माणसे एकटी पडतात. एवढे सोसायचे, तर त्या मोबदल्यात मुलांना शाळा चांगली मिळाली पाहिजे, की नाही?

शाळेसाठी गाव सोडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. सुभेदार रामजी सकपाळ आपल्या मुलांना घेऊन साताऱ्याहून मुंबईला आले. परळच्या चाळीत एका लहान खोलीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. तेथून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. हेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पण घरदार उचलून नेणे सगळ्यांना कोठून जमणार? म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या कामासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. आजही सरकारी वसतिगृहे आहेत. बिऱ्हाड हलवण्याआधी त्यांची चौकशी जरूर करावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी काही ठिकाणी गावातच हंगामी वसतिगृह असते. कारखान्यावर जाण्याआधी मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारावे.

आता शाळा बघायची म्हणजे काय करायचे? रंगवलेली भिंत आणि मोठी पाटी बघून भुलू नका. कामाच्या दिवशी, शाळा भरलेली असताना जा. मुख्याध्यापकांना सांगा, ‘गुरुजी, मूल घालायचं आहे, जरा शाळा बघू का?’ चांगला मुख्याध्यापक नाही म्हणणार नाही. मी इतकी वर्षे शाळा चालवली, म्हणून सांगतो. बघायला आलेला पालक आम्हाला आवडतो.

वर्गात मास्तर आहेत का, ते बघा. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, असा कायदा आहे. मग तिसरीतल्या एखाद्या मुलाला जवळ बोलवा. ‘बाळ, तुझा धडा वाचून दाखव बघू.’ तुम्हाला आता वाचता येते. तो वाचतो की नुसते पाठ म्हणतो, हे तुमच्या लगेच ध्यानात येईल. दोन-चार वह्या उघडा. मास्तरांनी तपासल्याची खूण आहे का? शेवटची खूण कोणत्या तारखेची आहे? वही खोटे बोलत नाही.

संडास बघायला लाजू नका. मुलींचा वेगळा आहे का? त्याला कुलूप तर नाही ना? आत पाणी आहे का? मुलगी सहावी-सातवीत गेली, की एवढ्या एका गोष्टीपायी तिची शाळा बुडू लागते. ती घरी कारण सांगत नाही. शाळा कितवीपर्यंत आहे, तेही विचारा. चौथी-पाचवीलाच संपत असेल, तर पुढची शाळा कोठे आहे, हे आजच बघून ठेवा.

आणि वाट चालून बघा. आमच्या गावच्या एका गड्याने तालुक्याबाहेर स्वस्तात जागा घेतली. जागेवरून शाळेचे कौल दिसत होते. पण मधे ओढा होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, की हमरस्त्याने वळसा घालावा लागे. तेथे मालमोटारींची ये-जा. पाचवीतल्या पोरीला एकटी कशी पाठवणार? बाप फटफटीवरून सोडायला जाई. बाप कामावर लवकर गेला, की पोरीची शाळा बुडे. जागा स्वस्त का होती, ते त्याला पहिल्याच पावसाळ्यात समजले. म्हणून मुलाचा हात धरून, त्याच्या पावलाने ती वाट एकदा चाला. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे.

खाजगी शाळेत घालणार असाल, तर सरकारी मान्यता आहे का, हे आधी विचारा. मान्य शाळेला ११ आकडी यू-डायस क्रमांक असतो. तो लिहून घ्या. फी, मोटार, कपडे, पुस्तके मिळून वर्षाला किती, हेही लिहून घ्या. गळ्यात टाय बांधला, म्हणजे इंग्रजी आले असे नाही. माझ्या मते लहान मूल घरच्या भाषेत लवकर वाचू लागते. गरीब व वंचित घरच्या मुलांसाठी खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा असतात. तेथे घर शाळेच्या किती जवळ आहे, हे मोजतात. भाडेकरू असाल, तर भाडेकरार नोंदवलेला लागतो. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे नियम विचारून घ्यावेत.

गाव बदलताना जुन्या शाळेचा दाखला मागा. तो लगेच द्यावा, असा २००९ चा कायदा आहे. दाखल्याला उशीर झाला, म्हणून जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाला परत पाठवता येत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी करा. याच नजरेने आपल्या गावची शाळा बघा. पुष्कळांनी ती वर्षानुवर्षे आतून बघितलेलीच नसते. ती बरी निघाली, तर दुसरी चूल कशाला मांडायची? उणी निघाली, तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात शंभरात ७५ माणसे पालकच असतात, आणि निम्म्या बाया असाव्यात असा नियम आहे. समितीच्या सभेला जा. मास्तरांची जागा रिकामी असेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहा. शाळेचे नाव, वर्ग, मुले किती, जागा कधीपासून रिकामी आहे, एवढेच लिहा. खाली पालकांच्या सह्या घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवा. महिन्याने तीच प्रत घेऊन पुन्हा कचेरीत जा.