दंडाचा घेर साडेअकरा

"पोट भरलंय की त्याचं, सकाळीच भात खाल्लाय." अंगणवाडीच्या दारात पोर कडेवर घेऊन उभी असलेली आई असं म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. सेविका ऐकून घेते आणि पोराच्या डाव्या दंडाला, खांदा नि कोपराच्या बरोबर मधोमध, पट्टी गुंडाळते. घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त असला तर हिरवा रंग, त्याखाली पिवळा आणि साडेअकराच्याही खाली गेला की लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, अंगणवाडीच्या बोलीत 'सॅम'. मोठ्या माणसाच्या अंगठा-तर्जनीच्या कड्यात असला दंड सैल मावतो.

भूक म्हणजे रिकामं ताट, हा या विषयातला सगळ्यात जुना गैरसमज. वर्षभराच्या बाळाचं पोट एवढंएवढंसं. पातळ भाताच्या चार घासांनी ते गच्च होतं आणि दोन तासांत पुन्हा रिकामं. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खायला लागतं. आई मजुरीवर, घरी आजी किंवा सात वर्षांची ताई. चार वेळा भरवणार कोण? डब्यात तांदूळ असूनही मूल उपाशी राहतं ते असं. त्या भातात घट्ट वरण आणि चमचाभर तेल पडलं तर तेवढ्याच घासांत कितीतरी जास्त ताकद जाते. गावातल्या बाया-बायांत हे बोललं गेलं की पटतं, भिंतीवरच्या पोस्टरनं पटत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यात वरचं पाणी हवंच, हेही असंच घट्ट बसलेलं. नको. आईच्या दुधात पाणी असतंच.

"आमच्या घराण्यात सगळे किरकोळच अंगाचे" हे वाक्य झोपडीत ऐकू येतं तसं फ्लॅटमध्येही येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये वाढीचे जे तक्ते काढले, ते सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत आणि त्यांत आपली दिल्ली होती. नीट खायला मिळालं, आजार आटोक्यात राहिले तर पहिल्या पाच वर्षांत आपली मुलंही जगातल्या इतर मुलांइतकीच वाढतात. कुपोषण म्हणजे मेळघाट, हा समजही इथंच गळून पडतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी आणि 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानानं रोड निघाली. देशभरात सर्वांत सधन पंचमांश कुटुंबांतही जवळपास चारातलं एक मूल खुजं आहे. त्याला बिस्किटं भरपूर मिळत असतील.

उलटी फसगतही होते. मूल गुबगुबीत दिसतं, पाय भरलेले वाटतात आणि घरचे निर्धास्त. अशा वेळी जाणती सेविका दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरते. खळगा तसाच राहिला तर ती सूज. मग दंडपट्टी काहीही सांगो, हे मूल तीव्र कुपोषितच धरायचं आणि लगेच दवाखान्यात न्यायचं.

मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. त्यावरून तिथल्या कोरकू आदिवासींना नावं ठेवणं सोपं आहे. तिथं काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ते केलं नाही. ज्याच्यावर गावाचा विश्वास त्या भूमकालाच, म्हणजे गावच्या वैदूलाच, हाताशी धरून आजारी मूल दवाखान्यात पाठवायला सांगितलं. मला हा शहाणपणा फार मोठा वाटतो.

आता शहरी गैरसमज: गावातल्या माणसांनी खिचडी वाढावी, बाकीचं डॉक्टर बघतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार देणं, सगळं घरात जाऊन. नवजात बालकांचे मृत्यू हजारी 62 वरून 25 वर आले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं; पुढं 2011 पासून देशभरातल्या 'आशा' कार्यकर्त्यांकडे हे काम सोपवलं गेलं. मुळात 'अंगणवाडी' हा शब्दच बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात रुजवलेला. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, इतकी साधी ती गोष्ट.

सेविका सरकारी नोकर, भरपूर पगार घेते, असंही सर्रास म्हटलं जातं. तिला पगार नाही, मानधन आहे. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस त्यासाठीच संपावर गेल्या आणि संप दीड महिन्यावर चालला.

"कितीही करा, कुपोषण हटत नाही" हे मात्र अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक. 2005 मध्ये राज्यानं राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं, पुढं बाळाच्या पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भापासून दोन वर्षांपर्यंत, भर दिला. दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 2012 मध्ये 23 टक्के मोजलं गेलं. म्हणजे हटतं. लक्ष उडालं की पुन्हा रेंगाळतं. वर दिलेले नंतरचे आकडे बोलकेच आहेत.

लक्ष कसं सुटतं ते पाहा. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर उतरतात, पुढचे कित्येक महिने तिथंच राहतात. गावच्या वजनाच्या वहीत मुलांची नावं असतात, मुलं नसतात. आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीला ती आल्याचा पत्ता नसतो. तुमच्या रोजच्या रस्त्यावर अशी भट्टी असेल, तर यंदा एकदा थांबा, सहा वर्षांखालची पोरं किती ते मोजा आणि तो आकडा जवळच्या सेविकेला नेऊन सांगा.