क्रेडिट कार्डाची मर्यादा: वाढ कुठे थांबवावी?

क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घेण्याचा फायदा वापराच्या प्रमाणात दिसतो. वापरलेल्या रकमेला एकूण मर्यादेने भागले की हे प्रमाण मिळते. महिन्याला 30,000 रुपये खर्चणाऱ्याची मर्यादा 50,000 असेल, तर ते 60 टक्के भरते; मर्यादा दीड लाख झाली की 20 टक्क्यांवर येते. सिबिल ही पतमापन संस्था 300 ते 900 या पट्टीवर गुण देताना हे प्रमाणही पाहते, आणि ते 30 टक्क्यांच्या आत ठेवावे असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्यापुढे वाढीचा लाभ आटत जातो.

तेव्हा नेहमीचा खर्च आणि एखादे अचानक आलेले इस्पितळाचे बिल भागेल एवढी मर्यादा झाली की मागणी थांबवावी. अर्ज आला की बँक पत-अहवाल तपासू शकते. अशा चौकशा थोड्या काळात साचल्या तर गुण घसरतात. गृहकर्ज घ्यायचे असेल, तर त्याआधीचे काही महिने ही मागणी टाळलेलीच बरी.

सर्वांत स्पष्ट खूण बिलातच असते. ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरून बाकी पुढे ढकलली जात असेल, तर वाढीव मर्यादा घातकच. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला 42 टक्के, शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. बँकेने स्वतःहून देऊ केलेली वाढ नाकारता येते: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही.