टेप आत आहे की बाहेर? टेप लायब्ररीची गोष्ट, अंधेरीच्या नाइट शिफ्टमधून

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "अॅक्चुअली" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय. लोकलमध्ये रेंज जात असेल तर वाचून काढा.)

सुरुवात एका प्रश्नाने करू. जीमेल टेपवरून परत आलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे का? फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमध्ये बग निघाला आणि सुमारे ०.०२ टक्के जीमेल वापरणाऱ्यांचे इनबॉक्स रिकामे दिसायला लागले. डेटाच्या प्रती बऱ्याच होत्या, वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण बग त्या सगळ्यांपर्यंत पोचला. पोचला नाही तो फक्त टेपपर्यंत, कारण टेप ऑफलाइन होती. मेल परत आले ते तिथून.

टेप म्हटलं की तुम्हाला आईबाबांच्या कपाटातली कॅसेट आठवेल. कल्पना तशीच आहे, ताकद वेगळी. आज ऑफिसांमध्ये वापरतात ती एलटीओ टेप. तळहातावर मावणारी चौकोनी डबी, आत अर्धा इंच रुंदीची पट्टी. एलटीओ-८ ची पट्टी ९६० मीटर लांब असते आणि तिच्यात १२ टेराबाइट बसतात. म्हणजे १२८ जीबीचे नव्वदहून जास्त फोन एका डबीत. मात्र ती पूर्ण भरायला सगळ्यात वेगाने लिहिलं तरी नऊ तासांहून जास्त लागतात. म्हणूनच हे काम रात्री चालतं, आणि म्हणूनच मी कधीकाळी रात्रपाळी करायचो.

लायब्ररीच्या आत काय चालतं

टेप लायब्ररी म्हणजे एक मोठं लोखंडी कपाट. आत टेप ठेवायचे खण, त्यांना स्लॉट म्हणतात. टेप वाचणारी-लिहिणारी दोन-चार यंत्रं, ते ड्राइव्ह. आणि मध्ये फिरणारा रोबोट. सॉफ्टवेअर म्हणतं, "मला १४२ नंबरची टेप हवी", की रोबोट सरकतो, स्लॉटमधून टेप काढतो आणि ड्राइव्हमध्ये घालतो. काम झालं की परत जागेवर.

रोबोट टेप ओळखतो बारकोडवरून. प्रत्येक टेपवर आठ अक्षरांचं लेबल असतं. पहिली सहा टेपची ओळख, शेवटची दोन तिची पिढी सांगतात, जसं एल८ म्हणजे एलटीओ-८. लेबल वाकडं चिकटवलं किंवा एकच नंबर दोन टेपना दिला, तर पुढचा सगळा गोंधळ तुमच्या नावावर. ड्राइव्ह साफ करायच्या टेपचं लेबल सीएलएन ने सुरू होतं. ती टेप साधारण ५० वेळा चालते. रोज सफाई करायची नसते. ड्राइव्ह स्वतः मागतो तेव्हाच करायची.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, मेल स्लॉट. लायब्ररीला एक छोटी खिडकी असते. टेप आत घालायची किंवा बाहेर काढायची ती तिथूनच. सॉफ्टवेअरला सांगायचं, अमुक टेप बाहेर दे. रोबोट ती खिडकीत आणून ठेवतो, आपण उचलतो, आणि नोंद आपोआप होते.

घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. कार्ड टॅप करून आत जायचं, टॅप करून बाहेर पडायचं. समजा गर्दीत तुम्ही टॅप न करताच बाहेर पडलात. तुम्ही घरी पोचून चहा पिताय, पण कार्डाच्या हिशोबी तुम्ही अजून स्टेशनातच आहात. दुसऱ्या दिवशी गेट उघडत नाही. मेल स्लॉट म्हणजे ते गेट.

आणि मी गेटवरून उडी मारली

अंधेरी पूर्वेला एका कंपनीत होतो, नाव राहू दे. शुक्रवारी रात्री आठ टेप बाहेर पाठवायच्या होत्या. मेल स्लॉटमध्ये एका वेळी तीनच बसायच्या. पेटी न्यायला आलेला माणूस खाली ताटकळलेला, दर पाच मिनिटांनी फोन. मी काय केलं? लायब्ररीचं दार उघडलं, हाताने आठ टेप काढल्या, आठ नव्या घातल्या, दार लावलं. यादीवर टिक केलं. सही, पेटी रवाना. दहा मिनिटांचं काम.

दार लावल्यावर लायब्ररीने आपले स्लॉट पुन्हा मोजले. म्हणजे कपाटाला माहीत होतं की आत काय आहे. पण बॅकअप सॉफ्टवेअरची स्वतःची वेगळी वही असते. तिच्यात मी कागदावरची यादी बघून "बाहेर गेल्या" असं करून टाकलं. बारकोड पुन्हा वाचून दोन्ही वह्या जुळवायला जी इन्व्हेंटरी चालवायची असते, ती चालवलीच नाही.

तीन आठवड्यांनी, महिनाअखेरीला, अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "अरे, पगाराची मागच्या महिन्याची फाइल खराब झालीये. उद्या पगार आहे. कधी देतोस?" मी वही बघितली. टेप बाहेर, पेटी मागवावी लागेल. पेटी यायला संध्याकाळ झाली. उघडली. आत आठ टेप होत्या, पण हवी ती नव्हती. तिच्या जागी एक कोरी टेप मजेत बसलेली.

पुढचे काही तास काय झालं ते विचारू नका. ऑफिसभर कपाटं उपसली. शेवटी मुलुंडहून आमचे सिनियर आले, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काकांनी येऊन एकच काम केलं, इन्व्हेंटरी चालवली. टेप सापडली. लायब्ररीतच, अकरा नंबरच्या स्लॉटमध्ये. घाईत मी शेजारची उचलली होती. सॉफ्टवेअरच्या लेखी ती बाहेर, म्हणून रोबोटला ती कुणी मागितलीच नाही.

काका चिडले नाहीत. म्हणाले, "रोबोट खोटं बोलत नाही रे. आपण त्याला अर्धवट सांगतो."

पगार झाले. पण त्या तीन आठवड्यांत आमच्याकडे आग लागली असती, पाणी भरलं असतं, तर बाहेर सुरक्षित म्हणून ठेवलेली ती प्रत मुळात बाहेर नव्हतीच. हे मला घरी जाताना पहिल्या लोकलमध्ये कळलं, आणि तेव्हा खरा घाम फुटला.

बाहेर म्हणजे किती बाहेर?

२६ जुलै २००५. तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत असतील, काही जन्मलेही नसतील. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच वेळी कुलाब्याला साधारण ७३ मिलिमीटर. वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर, आणि एवढा फरक! म्हणजे थोडं अंतरसुद्धा कामाला येतं. पण उलटंही बघा. अंधेरीच्या ऑफिसची टेप कुर्ल्याला ठेवली असती तर? मिठी नदी दोन्हीकडची. आणि टेप लांब सुरक्षित असली तरी त्या दिवशी ती आणणार कोण? लोकल बंद, रस्ते पाण्याखाली.

म्हणून दोन प्रती. एक जवळ, रोजच्या चुका भरून काढायला. एक लांब, संकटासाठी. लांबची निवडताना विचारायचं, जे आपल्याला बुडवेल ते तिलाही बुडवेल का? आणि दोन्हीकडे तळघर टाळायचं. उपनगरात हे वेगळं सांगायला नको.

आता रॅन्समवेअरचा मुद्दा. लोक म्हणतात, आमच्याकडे टेप आहे, आम्ही सुरक्षित. थांबा. टेप लायब्ररीच्या आत असेल, तर रोबोट तिला कधीही उचलू शकतो. हल्लेखोराने बॅकअप सॉफ्टवेअरचाच ताबा घेतला, तर तोही रोबोटला सांगू शकतो की हिच्यावर लिही. आतली टेप सोयीची आहे, बाहेरची टेप सुरक्षित आहे. पेटीतल्या टेपला कुठलीच वायर नसते.

पेटीत काय, आणि पेटी कुठे

टेप जास्त काळ ठेवायची तर साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे जुलैत हवेत ८० टक्क्यांच्या वर ओल असते. म्हणजे साधं लोखंडी कपाट चालणार नाही, एसी आणि ओल काढायची सोय असलेली खोली हवी. प्रत्येक टेप तिच्या प्लास्टिकच्या डबीत, उभी. बाहेरून आलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही. एक दिवस सर्व्हर रूमच्या हवेत राहू द्यायची. हातातून पडलेली टेप बाजूला काढायची आणि तपासल्याशिवाय वापरायची नाही.

पेटीबरोबर आणखी दोन गोष्टी जायला हव्यात. एक, सॉफ्टवेअरच्या त्या वहीची प्रत, नाहीतर प्रत्येक टेप पहिल्या मीटरपासून वाचत बसाल. दुसरी, कोणत्या पेटीत कोणते बारकोड, ही कागदावर छापलेली यादी. आणि टेप एन्क्रिप्ट केली असेल तर तिची किल्ली तिसऱ्याच ठिकाणी. किल्ली फक्त बुडालेल्या सर्व्हरवर असेल, तर टेप शाबूत असून उपयोग शून्य. टेपच्याच पेटीत असेल, तर कुलूप लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं.

टेप परतही येतात. मुदत संपली की ती कोरी समजून पुन्हा वापरात येते. म्हणून दर आठवड्याला दोन याद्या हव्यात: कोणत्या जाणार, कोणत्या येणार. येणाऱ्यांची यादी विसरलात, तर बाहेर जुन्या टेपचा ढीग आणि आत रात्री दोन वाजता "कोरी टेप नाही" असा मेसेज.

आणि वर्षातून काही वेळा बाहेरची कुठलीही एक टेप मागवून तिच्यातली एक फाइल खरोखर उघडून बघायची. टेप तीस वर्षं टिकेल असं कंपन्या सांगतात, पण ड्राइव्हचं काय? एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-७ वाचतो, एलटीओ-६ नाही. टेप टिकली आणि वाचणारं यंत्र भंगारात गेलं, असं होतं. जुन्या टेप वेळेत नव्यांवर उतरवून घ्याव्या लागतात.

जाता जाता, तुमच्या फोनबद्दल

तुमच्या घरी टेप लायब्ररी नसणार. पण फोनमधले फोटो क्लाउडवर सिंक होतात म्हणून निवांत असाल, तर आठवा: इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं. ती आतली टेप झाली. बाहेरची कुठे आहे? एक हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो उतरवा, वायर काढा, आणि मावशीकडे बोरिवलीला ठेवून या. वर तारीख लिहा. आणि हो, एक फोटो उघडून बघा.

काका आता निवृत्त झालेत. मी मात्र अजून कुठलंही दार हाताने उघडायच्या आधी खिडकी शोधतो.

तुमच्याकडेही असा "सापडत नाही, सापडत नाही, अरे इथेच होती" किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, बॅकअप घ्या. भेटूच!